विश्लेषण : कुटुंबजीवन शिकवणाऱ्याला कोण शिकवणार? र. धों. कर्वे यांच्या आयुष्यातून मिळणारे उत्तर

दहावीच्या विज्ञानातील प्रजननाचा धडा अनेक वर्गांत घाईने उरकला जातो, ही गोष्ट पालकांना नवी नाही. वयात येणाऱ्या मुलांशी शरीराविषयी कोणी बोलायचे, लग्न ठरलेल्या जोडप्याला पाळणा लांबवण्याविषयी कोणी सांगायचे, या प्रश्नांवर घर शाळेकडे बोट दाखवते आणि शाळा घराकडे. हे काम करणाऱ्या माणसाला जगात कुटुंबजीवन शिक्षक म्हणून ओळखतात. अमेरिकेत १९८५ पासून त्याला रीतसर प्रमाणपत्रही मिळते. महाराष्ट्रात मात्र हे काम एका गणिताच्या प्राध्यापकाने १०० वर्षांपूर्वी एकट्याने सुरू केले. त्याच्याकडे प्रशिक्षण नव्हते, पाठीशी संस्था नव्हती आणि मराठीत पुस्तकही नव्हते. त्याची किंमत त्याने आयुष्यभर मोजली. सोलापूरसारख्या जिल्ह्यात आज हे काम कोण करते आणि त्यांना तयार कोण करते, हे समजून घेताना रघुनाथ धोंडो कर्वे यांचे आयुष्य पाहणे उपयोगी ठरते.

रघुनाथ कर्वे कोण होते?

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १४ जानेवारी १८८२, रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड येथे. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये त्यांच्या आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. दोन वर्षांनी अण्णांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि त्या पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. या विवाहामुळे कुटुंबाला बहिष्काराला तोंड द्यावे लागले. समाजाच्या विरोधात उभे राहण्याचे पहिले शिक्षण रघुनाथांना असे घरातच मिळाले.

ते अभ्यासात अत्यंत हुशार होते. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०४ मध्ये पदवीधर झाले आणि गणिताच्या अध्यापनाकडे वळले. १९१९ मध्ये गणिताच्या उच्च अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले.

वडिलांनी स्त्रियांच्या शिक्षणाचा प्रश्न हाती घेतला होता. मुलाने त्याच्या पुढचा प्रश्न उचलला. शिकलेल्या स्त्रीलाही मूल कधी हवे आणि किती हवीत हे ठरवता येत नसेल, तर तिचे स्वातंत्र्य अर्धेच राहते, अशी त्यांची भूमिका होती.

गणिताचा प्राध्यापक या विषयाकडे कसा वळला?

त्या काळात वारंवारच्या बाळंतपणात स्त्रिया मरत होत्या. मुंबईच्या चाळींत एका खोलीत दहा-दहा माणसे राहत. गुप्तरोग पसरत होते आणि त्याविषयी बोलण्याची सोय नव्हती. डॉक्टरांनी या विषयावर बोलावे ही अपेक्षा होती, पण संततिनियमन त्यांच्याही अभ्यासक्रमात नव्हते. त्यामुळे रघुनाथरावांनी इंग्रजी आणि फ्रेंच ग्रंथ मिळवून स्वतःच अभ्यास केला. फ्रान्समधील वास्तव्याचा आणि फ्रेंच भाषेच्या ज्ञानाचा येथे उपयोग झाला.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. कुटुंबजीवन शिक्षक होण्यासाठी आज जे लागते, म्हणजे शास्त्रीय माहिती, ती सोप्या भाषेत सांगण्याची हातोटी, समोरच्याचा प्रश्न न लाजता ऐकण्याची तयारी आणि गुप्तता पाळण्याची शिस्त, त्यातले बरेच त्यांनी स्वतःच्या हिमतीवर कमावले. जिथे मराठी शब्दच नव्हते तिथे ते घडवावे लागले.

१९२१ मध्ये त्यांनी नेमके काय सुरू केले?

मुंबईत त्यांनी संततिनियमन केंद्र सुरू केले. भारतातील अशा प्रकारचे हे पहिले केंद्र मानले जाते. काळाची तुलना करून पाहा. मार्गारेट सँगर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९१६ मध्ये काढलेले केंद्र पोलिसांनी काही दिवसांतच बंद पाडले होते. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्र १९२१ च्या मार्च महिन्यात उघडले. म्हणजे मुंबईतले काम जगाच्या मागे नव्हते, त्याच वर्षी सुरू झाले होते.

गर्भनिरोधक गोळ्या तेव्हा नव्हत्या. त्या कर्वे यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी आल्या. उपलब्ध होती ती प्रामुख्याने परदेशी बनावटीची रबरी साधने. ती कशी वापरायची हे समजावून सांगितल्याशिवाय त्यांचा उपयोग नव्हता. त्यामुळे साधन देण्याइतकेच शिकवणेही महत्त्वाचे होते. पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्या सोबत होत्या. मूल होऊ द्यायचे नाही, असा निर्णय या दांपत्याने विचारपूर्वक घेतला आणि तो पाळला.

पाठोपाठ पुस्तके आली. संततिनियमनावर आणि गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर त्यांनी १९२० च्या दशकात लिहिले. ‘आधुनिक कामशास्त्र’ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे आहारशास्त्र आणि वेश्याव्यवसाय या विषयांवरही त्यांची पुस्तके आली. मराठीत या क्षेत्रातले पहिले संदर्भसाहित्य असे एका माणसाच्या लेखणीतून तयार झाले.

मग नोकरी का सुटली?

तेव्हा ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवत होते. महाविद्यालय मिशनऱ्यांचे होते. प्राध्यापकाने उघडपणे संततिनियमनाचा प्रचार करावा, हे व्यवस्थापनाला मान्य नव्हते. प्रचार थांबवा किंवा नोकरी सोडा, असा पेच उभा राहिला. १९२५ मध्ये रघुनाथरावांनी राजीनामा दिला. वय ४३, नियमित पगार बंद आणि हाती घेतलेल्या कामातून पैसे मिळण्याची शक्यता जवळपास नाही, अशी तेव्हाची अवस्था होती.

या विषयावर बोलणाऱ्या शिक्षकाला संस्थेचे संरक्षण किती आवश्यक असते, हे या प्रसंगातून दिसते. आजही एखाद्या पालकाने तक्रार केली की वर्गात मासिक पाळीविषयी बोलणारी शिक्षिका एकटी पडू शकते. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती आधीपासून सोबत असेल तर ती टिकते. नसेल तर पुढच्या वर्षी ती तो धडा वगळून पुढे जाते.

‘समाजस्वास्थ्य’ने कोणाला शिकवले?

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे २६ वर्षे चालवले. लेखन, संपादन, पत्रव्यवहार आणि वर्गणीदार टिकवण्याची धडपड हा सगळा भार मुख्यतः त्यांच्यावरच होता. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. शरीर लपवण्याजोगे किंवा लाजिरवाणे नाही, ही भूमिका ते त्यातून मांडत. बाहेरून चवचाल वाटणाऱ्या या मासिकात आत मात्र आरोग्य, कायदा, विवाह, स्त्री-पुरुष समता आणि धर्मचिकित्सा असा मजकूर असे. ‘शारदेची पत्रे’ हे त्यातले गाजलेले सदर कर्वे यांनी स्वतःच टोपणनावाने लिहिले.

या मासिकाचा सर्वात मोठा उपयोग प्रश्नोत्तरांचा होता. घरात, डॉक्टरकडे किंवा मित्राकडेही जे विचारता येत नव्हते ते वाचक पत्राने विचारत आणि त्यांना शास्त्राच्या आधारे उत्तर मिळे. हस्तमैथुनाने शरीर खंगते का, समलिंगी आकर्षण हा रोग आहे का, मूल न होण्याचा दोष नेहमी बाईचाच असतो का, अशा शंका तेव्हा लोकांना छळत होत्या. त्या आजही संपलेल्या नाहीत. समुपदेशनाचे आजचे प्रशिक्षण निनावी प्रश्नपेटीवर भर देते. ‘समाजस्वास्थ्य’ने तीच वाट टपालातून काढली होती.

खटले कशामुळे झाले?

अश्लीलतेच्या आरोपावरून कर्वे यांना न्यायालयात खेचण्यात आले. १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखामुळे पहिला खटला झाला आणि त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा अटक झाली. या वेळी आक्षेप वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवर होता. म्हणजे शिक्षकाने विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर दिले, हाच गुन्हा ठरत होता.

या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तेव्हा ते देशपातळीवरचे नेते होते. अशा बदनाम विषयापासून दूर राहणे त्यांना सोयीचे ठरले असते, तरीही त्यांनी वकीलपत्र घेतले. लैंगिक विषयावर लिहिलेले सगळेच अश्लील नसते आणि या विषयातील अज्ञान दूर करायचे तर ज्ञानाचाच उपयोग होईल, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला हरला आणि कर्वे यांना पुन्हा दंड झाला.

आंबेडकरांचा या प्रश्नातील रस तेवढ्यापुरता नव्हता. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागे आंबेडकरांचे विचार होते. तो ठरावही फेटाळला गेला. त्या काळात महात्मा गांधींसह अनेक नेत्यांचा कृत्रिम साधनांना विरोध होता आणि त्यांचा भर संयमावर होता. त्यामुळे कर्वे सनातन्यांना नको होते आणि राष्ट्रीय चळवळीच्या मुख्य प्रवाहालाही परके वाटत होते.

एकट्याचे काम पुढे कोणी नेले?

कर्वे यांना शिष्यांची फळी उभी करता आली नाही, पण काही सहकारी मिळाले. त्यातले ठळक नाव शकुंतला परांजपे यांचे. रँग्लर र. पु. परांजपे यांच्या या कन्या. केंब्रिजमध्ये शिकल्या आणि जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत काम करून परतल्या. त्यांनी पुण्यात आणि आसपासच्या खेड्यांत कुटुंबनियोजनाचा प्रचार अनेक वर्षे केला. पुढे त्या विधान परिषदेत आणि १९६४ ते १९७० या काळात राज्यसभेत होत्या. १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

रघुनाथरावांचे १४ ऑक्टोबर १९५३ रोजी निधन झाले. आदल्याच वर्षी भारत सरकारने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम स्वीकारला होता. ज्या विचारासाठी नोकरी गेली आणि दंड भरावे लागले तो सरकारी धोरण झालेला त्यांनी पाहिला, पण त्या धोरणात त्यांना मानाचे स्थान मिळाले नाही. मराठी समाजाला त्यांची नव्याने ओळख झाली ती बरीच नंतर, २००१ च्या ‘ध्यासपर्व’ चित्रपटासारख्या कलाकृतींमधून.

त्यांच्या पद्धतीत काय कमी पडले?

कर्वे यांची भाषा तिखट होती. धर्म, रूढी किंवा ज्येष्ठ व्यक्ती, कोणाचीही भीड ते ठेवत नसत. तर्काने सिद्ध झाले की माणसाने ते मान्य करायला हवे, असा त्यांचा गणिती विश्वास होता. पण कुटुंबाविषयीचे निर्णय माणूस केवळ तर्काने घेत नाही. सासूचे मत, जातीतली चर्चा, नवऱ्याचा धाक आणि मुलगा हवा हा हट्ट या सगळ्यांतून वाट काढावी लागते. मासिक साक्षर लोकांपर्यंतच पोहोचत होते. ज्या गिरणी कामगार स्त्रीला माहितीची सर्वाधिक गरज होती तिच्या हाती ते पडण्याची शक्यता कमी होती.

दुसरी अडचण रचनेची होती. एक माणूस २६ वर्षे मासिक चालवू शकतो, पण त्या माणसाबरोबर मासिकही संपते. शिकवणारे तयार करण्याची यंत्रणा उभी राहिली नाही, तर दर पिढीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

यंत्रणा कधी उभी राहिली?

१९४९ मध्ये धन्वंती रामा राव आणि आवाबाई वाडिया यांच्या पुढाकाराने मुंबईत भारतीय कुटुंब नियोजन संघटना स्थापन झाली. १९५२ मध्ये याच संघटनेच्या यजमानपदाखाली मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १९७८ मध्ये संघटनेने लैंगिक शिक्षण, समुपदेशन, संशोधन आणि प्रशिक्षण यासाठी मुंबईत स्वतंत्र केंद्र सुरू केले. शिक्षक, डॉक्टर आणि समाजकार्यकर्त्यांना या विषयासाठी तयार करण्याचे काम त्यातून संघटितपणे सुरू झाले. या संघटनेची शाखा सोलापुरातही आहे.

दरम्यान सोलापूर जिल्ह्याने याची दुसरी, कटू बाजूही पाहिली. आणीबाणीच्या काळात, जानेवारी १९७६ मध्ये बार्शीत झालेल्या नसबंदी मोहिमेत माणसांना जबरदस्तीने नेल्याच्या तक्रारी प्रसिद्ध झाल्या होत्या. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात आले नाही. कर्वे यांनी आयुष्यभर व्यक्तीच्या, विशेषतः स्त्रीच्या निवडीचा आग्रह धरला होता. शिक्षण मागे पडून उद्दिष्टांचे आकडे पुढे आले की काय होते, याचा धडा बार्शीने दिला. कुटुंबनियोजनाविषयीचा लोकांचा विश्वास त्यानंतर बराच काळ सावरला नाही.

आज हे प्रशिक्षण कोठे मिळते?

वाट पूर्वीपेक्षा रुंद झाली आहे, पण ती सलग नाही.

• विद्यापीठे : महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात, म्हणजे आजच्या एसएनडीटीत, मानव विकास हा विषय शिकवला जातो. बालविकास, कुटुंबातील नाती आणि पालकत्व यांचा पद्धतशीर अभ्यास त्यात येतो. समाजकार्याच्या पदवीचाही या कामाला उपयोग होतो.

• शाळा : आयुष्मान भारत योजनेखालील शालेय आरोग्य कार्यक्रम फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाला. त्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. एनसीईआरटीने त्यासाठी ११ विषयांची पुस्तिका तयार केली आहे. भावनिक आरोग्य, परस्परसंबंध, लिंगभाव समानता, प्रजनन आरोग्य आणि इंटरनेटचा सुरक्षित वापर असे विषय त्यात आहेत.

• आरोग्य खाते : राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे. सरकारी रुग्णालयांतील ‘मैत्री’ केंद्रांत किशोरवयीनांना समुपदेशन मिळते. गावपातळीवर हा विषय प्रत्यक्षात आशा आणि अंगणवाडी सेविकाच हाताळतात.

• आंतरराष्ट्रीय साहित्य : युनेस्कोची मार्गदर्शिका २००९ मध्ये आली आणि २०१८ मध्ये सुधारली गेली. कोणत्या वयात काय शिकवावे, याची ती चौकट देते.

अडथळेही तितकेच खरे आहेत. २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतील लैंगिक शिक्षण थांबवले होते. अलीकडे, सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालकांच्या लैंगिक शोषणाशी संबंधित निकालात सर्वंकष लैंगिक शिक्षणाचा विचार व्हावा असे सुचवले. कर्वे यांना ज्या विषयासाठी न्यायालयाने दंड केला त्याची शिफारस न्यायालयाकडून होण्यासाठी ९० वर्षे जावी लागली.

सोलापूरसाठी हा प्रश्न तातडीचा का?

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झाले होते. सोलापूर जिल्ह्यातील प्रमाण राज्याच्या या सरासरीपेक्षा बरेच जास्त आहे. ज्या मुलीचे लग्न सतराव्या वर्षी होते तिला नववीतच ही माहिती मिळायला हवी. त्यानंतर ती शाळेत नसते.

शहराची घडणही वेगळी आहे. विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागाशी जोडलेल्या कुटुंबांत तेलुगू बोलली जाते. इतर वस्त्यांत कन्नड, उर्दू आणि मराठी आहे. इंग्रजीतून आलेली पुस्तिका मराठीत आणली की काम संपले, असे येथे होत नाही. विडी वळताना बाईच्या हातांना उसंत नसते, पण कान मोकळे असतात. तिच्याशी तिच्या भाषेत, तिच्या दारात बसून बोलणारी प्रशिक्षित बाई हेच येथील सर्वात मोठे साधन ठरेल.

पालकांनी शाळेला काय विचारावे?

पुढच्या पालकसभेत चार प्रश्न विचारता येतील. शाळेतील कोणत्या दोन शिक्षकांना आरोग्य विषयाचे प्रशिक्षण मिळाले आहे? वर्षभरात किती तास या विषयाला दिले जातात? मुलांना नाव न सांगता प्रश्न विचारण्याची सोय आहे का? मुलाने शोषणाची गोष्ट सांगितली तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पुढे काय करायचे, हे शिक्षकांना माहीत आहे का?

या चौथ्या प्रश्नात प्रशिक्षणाचा कस लागतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती मिळाल्यावर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. हेतू चांगला असूनही अपुऱ्या तयारीचा शिक्षक अशा वेळी मुलाचे नुकसान करू शकतो.

रघुनाथ कर्वे यांना हे सगळे एकट्याने शिकावे लागले, कारण विचारण्यासारखे कोणी नव्हते. आजच्या शिक्षिकेला किंवा आशाताईला तसे एकटे सोडण्याचे कारण उरलेले नाही. पुस्तिका आहेत, संस्था आहेत आणि कायदाही सोबत आहे. ही साधने तिच्यापर्यंत पोहोचली का, आणि ती वापरताना शाळा आणि पालक तिच्या मागे उभे राहिले का, हे मात्र प्रत्येक गावात विचारावे लागेल.